उशी बंद करायची, की बदलायची?

सेलूच्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. वय ४१. तीन महिन्यांपासून सकाळी उठताना मान आखडलेली असते, उजव्या हाताला मुंग्या येतात. एक्स-रे काढला. ‘मणक्यातला गॅप कमी झालाय, मानेचा बाक सरळ झालाय’ असं सांगितलं गेलं आणि उशी बंद करायला लावली. तीन आठवडे बिनउशीचं झोपल्या, त्रास वाढला. आता यजमान साडेतीन हजारांची मेमरी फोमची उशी मागवायच्या बेतात आहेत. सासूबाई म्हणतात, सावरीच्या कापसाची शिवून घे. ऐकायचं कुणाचं?

ताई, आज रात्री तुमची जुनी उशी परत घ्या. नवी मागवायची घाई नको, सावरीचीही नको. आधी मोजमाप करू.

मी लातूरला फिजिओथेरपी करते, २२ वर्षं झाली. ‘उशी बंद’ हा सल्ला घेऊन आलेले पेशंट मी इतके पाहिलेत की आता पहिला प्रश्न ठरलेला असतो: उशी बंद केल्यावर हात कुठं असतो? बहुतेक जण हसतात आणि म्हणतात, डोक्याखाली. म्हणजे उशी गेलीच नाही, तिच्या जागी दंड आला. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं असतं. तेवढं ओझं रात्रभर दंडावर घेतलं की पहाटे हात बधिर होणारच. मग माणूस म्हणतो, मणक्याचा आजार वाढला.

हा सल्ला आला कुठून, तेही सांगते. पूर्वी घरोघरी लोड-तक्क्यासारख्या टणक, ठासून भरलेल्या उशा असायच्या. काही जण तसल्या दोन घ्यायचे. उताणं झोपलं की हनुवटी छातीला टेकायची. अशा माणसाची उशी काढली की चार दिवसांत आराम पडायचा. सल्ला त्या उशीपुरता बरोबर होता. पुढं उंची कमी करायची गोष्ट ‘उशीच नको’ अशी झाली आणि तीच चिठ्ठीवर सर्रास लिहिली जाऊ लागली, समोरचा कुशीवर झोपतो की उताणा हे न विचारता.

मानेत सात मणके असतात. बाजूनं पाहिलं तर मान पुढच्या अंगाला किंचित बाक घेऊन उभी असते. आपण झोपतो तेव्हा पाठ आणि खांदे गादीला टेकतात, पण मान आणि डोकं अधांतरी राहतं. उताणं असाल तर अंतर थोडं, कुशीवर असाल तर खांद्याच्या रुंदीएवढं. उशीचं काम एवढंच, की ही रिकामी जागा भरून काढायची. जागा कमी भरली तर डोकं गादीकडं लोंबतं, जास्त भरली तर वरच्या खांद्याकडं ढकललं जातं. दोन्ही वेळा एका बाजूचे स्नायू सहा-सात तास ताणलेले राहतात. पाठ थोडी पुढं वाकलेल्या माणसानं उशी काढली तर डोकं मागं झुकतं. मान मागं गेली की हातात उतरणाऱ्या नसा ज्या फटींतून बाहेर पडतात, त्या फटी अरुंद होतात. दिवसभर वह्या तपासून तुमचे खांदे पुढं आलेले असणार. तीन आठवड्यांत मुंग्या का वाढल्या, त्याचं एक कारण मला इथं दिसतं.

आता ‘गॅप’बद्दल. मराठवाड्यात मणक्याचा कुठलाही आजार एकतर ‘गॅप’ असतो नाहीतर ‘गादी सरकलेली’ असते. दोन मणक्यांमधल्या चकतीला आपण गादी म्हणतो आणि झोपायची तीही गादीच, त्यामुळं माझ्याकडं मजेशीर घोटाळे होतात. औशाच्या एका आजोबांना मी म्हणाले, गादी झिजलीय. ते म्हणाले, “पोरानं दिवाळीलाच नवी आणलीय की वो.” असो. चकतीत पाणी असतं. वय वाढतं तसं ते कमी होतं, चकती चपटी होते, एक्स-रेवर दोन मणके जवळ आलेले दिसतात. केस पांढरे होतात तसंच हे. जपानमध्ये मानेचा काहीच त्रास नसलेल्या १,२११ लोकांचे एमआरआय काढले, तेव्हा ८७.६ टक्के लोकांच्या चकत्या कडेनं बाहेर फुगलेल्या निघाल्या. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. हे सगळे मजेत हिंडणारे लोक. तेव्हा तुमच्या रिपोर्टात जे लिहिलंय ते खरं असेलही, पण दुखतंय ते त्यामुळंच, असं त्यावरून ठरत नाही. आणि बाक सरळ दिसणं? मान दुखत असली, स्नायू ताठ असले की फोटोत ती सरळच येते. हनुवटी जरा खाली घेऊन उभं केलं तरी येते.

चकतीबद्दल आणखी एक, कारण ते झोपेशी जोडलेलं आहे. मोठ्या माणसाच्या चकतीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. दिवसभर भार पडून तिच्यातलं पाणी दाबलं जातं, रात्री आडवं झालं की ती ते पुन्हा शोषून घेते. त्यामुळं सकाळी माणूस संध्याकाळपेक्षा साधारण सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच असतो. उठल्यावर पहिला तासभर चकत्या टम्म फुगलेल्या असतात आणि कमरेत पुढं वाकणं त्यांना सगळ्यात जड जातं. आमच्याकडं नळाला पाणी येतं ते आठ-दहा दिवसांनी, आणि कधी कधी पहाटे पाचला. बाई अंथरुणातून उठते ती थेट वाकून घागरी उचलायला. दुपारी कंबर धरली की दोष गादीला. ज्या दिवशी पाणी येणार, त्या दिवशी घागरी भरायला आणि उचलायला दुसऱ्या कुणाला, जो तासभर आधी उठलाय त्याला, लावा.

मोजमाप असं करायचं. भिंतीला उजवा खांदा टेकवून सरळ उभ्या राहा, नजर समोर. भिंत आणि कान यांच्यामधलं अंतर घरातल्या कुणाला तरी बोटांनी मोजू द्या. बहुतेक बायकांचं ते सहा ते आठ बोटं भरतं, रुंद खांद्याच्या गड्याचं आठ-नऊ. आता तुमची गादी बघा. दहा वर्षांची, दबून फरशी झालेली कापसाची गादी असेल तर खांदा तिच्यात रुतत नाही, फार तर एक बोट वजा करा. जाड फोमची असेल तर दोन-तीन बोटं जातात. उरलं ते कुशीवर झोपतानाच्या तुमच्या उशीचं माप. उताणं झोपणाऱ्याला डोक्याखाली तीन-चार बोटं पुरतात, मानेखाली किंचित जास्त.

मात्र हे माप दाबलेल्या उशीचं आहे. दुकानात उशी फुगलेली, देखणी असते. आपण तिला दोन चापट्या मारतो आणि घेऊन येतो. घरी पाच किलोची ज्वारीची पिशवी असेलच. ती उशीच्या मधोमध ठेवा, अर्धा तास थांबा, मग बाजूनं बोटं लावून मोजा. रात्री दोन वाजता तुमच्या डोक्याखाली उशी तेवढीच असते. पडताळणीसाठी तुम्ही कुशीवर झोपलेल्या असताना यजमानांना पाठीमागून मोबाईलवर फोटो काढू द्या. डोक्याचा मध्य, मान आणि पाठीचा कणा एका ओळीत, गादीला समांतर दिसले पाहिजेत. शाळेत फळ्यावर रेघ आखता, तशी नजरेनं आखून बघा. फोटोत तुमचा खांदाही उशीवर चढलेला दिसेल, पैज लावते. खांदा गादीवरच हवा. उशीची कड मान आणि खांद्याच्या बेचक्यात बसली पाहिजे. खांदा उशीवर गेला की सगळं माप वाया.

मापात एक-दोन बोटं कमी पडत असतील तर नवी उशी लागत नाही. जुना टॉवेल घडी करून अभ्र्यात, उशीच्या खाली सारा. एक घडी, दोन रात्री. मग दुसरी घडी, आणखी दोन रात्री. मानेखालची पोकळी भरायची असेल तर त्याच टॉवेलची मनगटाएवढी जाड गुंडाळी करून अभ्र्याच्या खालच्या कडेला ठेवा.

इथं आपल्या भागातली एक गंमत येते. उन्हाळा सुरू झाला की मान धरलेले लोक माझ्याकडं रांगेनं येतात. सगळ्यांचं म्हणणं एकच, “रातच्याला कूलरचं वारं लागलं बगा, मान दुखूलालीय.” मी विचारते, झोपता कुठं? गच्चीवर. कशावर? बाजेवर, नाहीतर नुसत्या सतरंजीवर. थंडीत गादीवर जी उशी नीट बसत होती, तीच उचलून वर नेलेली असते. सतरंजीवर खांदा अजिबात रुतत नाही, म्हणून तिथं उशी उंच लागते. सुतळीच्या सैल बाजेचं उलटं. पाठ मधे झोळीसारखी खाली जाते, डोकं आपोआप वर राहतं, तिथं उशी पातळच हवी. अंथरूण बदललं की उशीचं माप बदलतं. कूलरला मी निर्दोष सोडत नाही, पण पहिला आरोपी उशीच असते. पुण्याच्या ट्रॅव्हल्समध्ये बसून रात्र काढणाऱ्यांचंही तेच. तिथं उशी पाठीमागं लागत नाही, कारण डोकं पडतं ते बाजूला. स्वेटर गुंडाळून मान आणि खांद्याच्या मधे ठेवला की झालं.

आता फोम की सावर. उशांवर जे अभ्यास झालेत ते लहान-लहान आहेत. त्यांत लेटेक्स म्हणजे रबराच्या उशांनी सकाळची मानदुखी काहीशी कमी झाल्याचं दिसतं, झोपेचा दर्जा मात्र त्यांनी सुधारल्याचं दिसत नाही. मेमरी फोमचा स्वभाव वेगळा. तो उष्णतेनं मऊ होतो, थंडीनं कडक. जाहिरातीत एसीची खोली असते. आपल्याकडं मे महिन्यात रात्री वीज गेली की तीच उशी मऊ पडून डोकं खोल रुततं, आणि परभणीकडच्या डिसेंबरात ती विटेसारखी लागते. शिवाय फोम ऊब धरून ठेवतो, घाम येतो. एसी असेल आणि परत करायची सोय असेल तर आठवडाभर वापरून बघायला हरकत नाही. पण साडेतीन हजार दिल्यानं उशीला तुमच्या खांद्याची रुंदी कळत नाही. मधे खळगा आणि दोन्ही कडांना उंचवटे असलेली ती ‘डॉक्टरी’ उशी मिळते ना, तिचा उंचवटा तुमच्या मापात बसला तर उत्तम, नाही बसला तर रोजची शिक्षा.

सासूबाईंचं सावरीचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. काटेसावरीच्या बोंडातला तो रेशमी कापूस कातता येत नाही, म्हणून तो भरायलाच वापरतात. हलका असतो, साध्या कापसापेक्षा जास्त दिवस फुगलेला राहतो. अडचण अशी की सावरीच्या नावाखाली बाजारात सरमिसळ बरीच चालते, आणि शुद्ध सावरीची उशी इतकी मऊ असते की कुशीवर झोपणाऱ्याला उंची पुरत नाही. उताण्या माणसाला चांगली.

माझी स्वतःची पसंती विचाराल तर साधा कापूस, आपल्याच शिवारातला. एकाच कारणासाठी: तो कमी-जास्त करता येतो. गादी कारखान्यात उशी घेऊन जा, खोळ उसवून कापूस पिंजून घ्या आणि समोर उभं राहून सांगा, मुठी-दोन मुठी काढ, अजून थोडा काढ. कुठल्या कंपनीची उशी अशी ऐकते? पिंजाऱ्याला आणखी एक सांगायचं: मधे भरणा कमी, दोन्ही टोकांना जास्त. उताणं असताना डोकं मधे राहतं, कूस बदलली की आपोआप उंच भागावर जातं. कापसाचा दोष म्हणजे तो दबतो आणि गुठळ्या होतात. आठवड्याला ऊन दाखवा, वर्ष-दीड वर्षानं पिंजून घ्या. ‘उशी दुमडून सोडा, उलगडली नाही तर फेका’ ही परीक्षा मोबाईलवर फिरते, ती फोम आणि पॉलिस्टर फायबरच्या उशांची. कापसाची उशी नवी असतानाही टुणकन उलगडत नाही. हाताला गुठळ्या लागल्या की समजायचं, वेळ झाली.

तुमच्या मुंग्यांबद्दल मला तुम्ही पुरेसं सांगितलेलं नाही. कोणत्या बोटांना येतात? अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट असेल, रात्री दोन-तीनला जाग येत असेल आणि हात झटकल्यावर बरं वाटत असेल, तर ते मनगटातल्या नसेचं दुखणं असण्याची शक्यता मोठी. खडू धरणं, भाकरी थापणं, आणि झोपेत मनगट मुडपून उशीखाली घालणं, तिन्ही त्यात भर घालतात. त्याला उशी कुठलीही आणा, फरक पडणार नाही. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधा. हात उचलून डोक्यावर ठेवल्यानं मुंग्या कमी होत असतील, तर मात्र संशय मानेवर जातो. करंगळीला येत असतील तर कोपर पूर्ण दुमडून झोपता का ते बघा. हे तीन प्रश्न एक्स-रेच्या आधी विचारायचे असतात.

मानेचा पट्टा रात्री घालून झोपू नका. दिवसाही आठवडे-महिने नको, स्नायू आळशी होतात. आणि यजमानांना सांगा, सलूनमध्ये मालिशसोबत कडकन मान मोडून घेतात ते बंद करा. मेंदूकडं जाणाऱ्या रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांतून वर जातात. झटक्यानं त्यांचं आतलं अस्तर फाटून लकवा झाल्याच्या घटना वैद्यकात नोंदलेल्या आहेत.

काही खुणा अशा, की उशीचा विचार बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा. साडीच्या निऱ्या घालताना, बटण लावताना बोटं गोंधळू लागली. पायातली चप्पल निसटली तरी कळलं नाही. चालताना तोल जातोय, लघवीवरचा ताबा गेला. ही मज्जारज्जू दबल्याची लक्षणं आहेत, त्यात दिवस घालवायचे नसतात. संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, आडवं झाल्यावरही न थांबणारं दुखणं असेल तर मणक्याचा टीबी तपासून घ्यावाच लागतो, आपल्याकडं तो दुर्मीळ नाही. अंथरुणात कूस बदलताना घर गरगरत असेल तर लोक ‘मणक्याची चक्कर’ म्हणतात. पुष्कळदा ती कानातल्या सूक्ष्म खड्यांची असते आणि डोकं ठरावीक पद्धतीनं फिरवून, एक-दोन बैठकांत जाते. आणि घरातलं कुणी दम लागतो म्हणून एकाच्या दोन, दोनाच्या तीन उशा घेऊ लागलं असेल, तर ते हृदयाचं दुखणं असू शकतं. जुने डॉक्टर पेशंटला ‘रात्री किती उशा लागतात’ असं विचारायचे, ते उगाच नाही.

लहान बाळांचं वेगळं, पण प्रश्न नेहमी येतो म्हणून सांगते. डोक्याला गोल आकार यावा म्हणून मोहरीची उशी देतात. वर्षाच्या आतल्या बाळाला कुठलीच उशी नको, मोहरीचीही नको, श्वास कोंडायची भीती असते. सपाट अंथरूण, बाळ पाठीवर. जागं असताना, आपली नजर असताना पालथं घाला, डोकं चपटं होण्याची शक्यता कमी होते.

तुमच्या दिवसाबद्दल एकच बोलते. उशी सात तास बघते, उरलेले सतरा तुमच्या हातात आहेत. ऊसतोडीला जाणाऱ्या बायका डोक्यावर मोळ्या वाहून रात्री कोपीत लुगड्याची गुंडाळी उशाला घेऊन झोपतात. त्यांच्या मानेची झीज उशीनं झालेली नसते आणि उशीनं भरूनही येत नाही. तुमच्या मानेवर मोळी नाही, पण मांडीवर वह्यांचा गठ्ठा आहे आणि रात्री दोन उशांवर डोकं टेकवून तासभर मोबाईल आहे. वह्या टेबलावर घ्या. झोपण्याआधी अंथरुणातच, उताणं पडून, हनुवटी किंचित आत घ्या आणि डोक्यानं उशी हलकेच दाबा. पाच अंक मोजा, सोडा. दहा वेळा. दुखणं वाढलं किंवा मुंग्या आल्या तर थांबा. पालथं झोपायची सवय असेल तर तीच आधी मोडावी लागेल, कारण पालथं पडल्यावर मान रात्रभर एका बाजूला पूर्ण वळलेली राहते. छातीशी जाड लोड कवटाळून तिरकं झोपा, दोन आठवड्यांत जमतं. कुशीवर असताना गुडघ्यांच्या मधे एक उशी, म्हणजे कंबरही सुटेल.

तर क्रम असा: आज जुनी उशी, भिंतीचं माप, ज्वारीची पिशवी, टॉवेलच्या घड्या. दोन आठवडे. किती घड्यांवर सकाळ बरी गेली ते लिहून ठेवा, तोच आकडा पिंजाऱ्याला सांगायचा. दोन आठवड्यांनी मुंग्या तशाच असतील तर परभणीला हाडांच्या किंवा मेंदूविकाराच्या डॉक्टरांना हात दाखवा, मनगटासकट.

आणि हे सगळं वाचून सासूबाईंची उशी पातळ करायला जाऊ नका. उतारवयात पाठीला पोक आलं असेल तर त्यांना उताणं झोपताना दोन उशा लागतीलच. काढल्या तर डोकं मागं लोंबेल. त्या स्वतः बदला म्हणेपर्यंत त्यांच्या उशीला हात लावायचा नाही.